घरात नाही म्हणू नये

दिवसभर 'नाही' म्हणण्याचा मला पगार मिळतो. अकोला स्टेशनच्या आरक्षणाच्या खिडकीमागे मी बसते. समोरचा माणूस कागद आत सरकवतो, मी पडद्यावर पाहते आणि सांगते, नाही. हैदराबाद? नाही. दिवाळीच्या तोंडावर मुंबई? अहो, स्वप्नातसुद्धा नाही. लोक चिडतात, गयावया करतात, कुठल्या तरी मोठ्या साहेबाची ओळख सांगतात, आणि मी आपला नन्नाचा पाढा म्हणत राहते. माझा आवाज जरा चढा लागतो हे खरं आहे. तो जन्मापासून चढा आहे, त्याला रेल्वे जबाबदार नाही.

आणि हीच बाई मोर्शीकडच्या आपल्या माहेरी गेली, की तिच्या तोंडून हा शब्द निघत नसे. निघूच शकत नसे. आमच्या घरात 'नाही' म्हणायला बंदी होती.

ही बंदी आईची. तिचं म्हणणं असं, की वास्तू ऐकत असते आणि तुम्ही जे बोलाल त्याला 'तथास्तु' म्हणते. घरात मीठ नाही म्हणालात, तथास्तु. मग बसा अळणी खात. म्हणून मीठ संपलं तरी ते 'वाढलं' म्हणायचं. बांगडी फुटली तर वाढली. दिवा विझवायचा नाही, वाढवायचा. घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. मराठी घरांत हे थोडंफार सगळीकडेच आहे, पण आमच्या आईनं त्याची फौजदारी केली होती.

मी लहान असताना शेजारची काकू वाटी घेऊन विरजण मागायला आली. दह्याचं भांडं मीच सकाळी चाटूनपुसून साफ केलं होतं, म्हणून मी दारातच प्रामाणिकपणे सांगितलं, "विरजन नाई." आई चुलीपाशी होती. तिथून ती जी धावली! "बसा जी, बसा. पोट्टी येडी हाय आमची. हाय विरजन, खूप हाय," असं म्हणत तिनं भांड्याच्या तळाला बोट फिरवून फिरवून काकूच्या वाटीत काहीतरी पाडलं. काकू गेल्यावर मला धपाटा बसला. पुढे काही दिवसांत म्हैस आटली. ती गाभण होती, आटणारच होती, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण माझं लग्न होऊन मी घराबाहेर पडेपर्यंत त्या म्हशीचा आळ माझ्या डोक्यावर राहिला.

मग अशा घरात नकार द्यायचा कसा? द्यायचाच नाही. 'हाव' म्हणजे होकार. 'पाहू' म्हणजेही होकार, फक्त तोंड वाकडं करून. गप्प बसणं म्हणजे तर पक्का होकार. भावानं मोटारसायकल मागितली तेव्हा बाबा 'पाहू' म्हणाले, आणि महिनाभरात ती अंगणात उभी राहिली. मला पाहायला पाहुणे आले, ते गेल्यावर मला विचारलं, मी 'पाहू' म्हटलं आणि माझं लग्न झालं. नवरा चांगला निघाला हा नशिबाचा भाग, माझ्या उत्तराचा त्यात काही हात नाही.

बहुतेक त्यामुळेच मला या शब्दाचा छंद लागला असेल. जे घरात मिळत नाही ते माणूस बाहेर शोधतो. अकोल्याच्या खिडकीवर हिंदुस्थान येतो. सिंधी व्यापारी येतात, गुजराती येतात, बंगाली मजूर येतात, बालाजीला निघालेली कुटुंबं येतात. तिकीट नाही म्हटलं की प्रत्येक जण आधी तो नकार आपल्या भाषेत स्वतःलाच परत सांगून पाहतो. बंगाली 'ना' म्हणतो, गुजराती 'ना' म्हणतो, हिंदीवाला 'नहीं' म्हणून लगेच 'मॅडम, देखो ना' म्हणतो. मी मनात नोंद ठेवत गेले. संस्कृतात न, फारसीत न, इंग्रजीत नो, तिकडे रशियात म्हणे न्येत. हे सगळे एका कुळातले, एकाच फार जुन्या 'न'ची पोरं, असं जाणकार सांगतात. ते मला पटतं. चुलत्यांची नाकं सारखी असतात तसं हे दिसतं.

फारसीचा 'ना' तर आपल्याकडे येऊन घरजावईच झाला. नालायक, नापास, नापसंत, नाइलाज, नाराज. आमच्या वऱ्हाडीत हिंदी-उर्दूची आवक भरपूर, त्यामुळे आम्ही हे शब्द शिव्यांसारखे मोकळेपणानं वापरतो. सरकारनं त्याच्यावर कडी केली आणि 'ना हरकत' काढलं. ज्यात 'ना' असतो आणि तरी ज्याचा अर्थ 'करा बिनधास्त' असा होतो, असा तो एकच कागद.

माझ्या शेजारच्या खिडकीवर बसणारी मैत्रीण तेलुगू आहे. तिचे वडीलही रेल्वेतच होते, तिचं सगळं बालपण आमच्या भागातल्या रेल्वे वसाहतीत गेलं. मी तिला अक्का म्हणते. नवीन असताना एकदा ती फोनवर बोलत होती आणि दर वाक्याला 'ना' येत होता. मला वाटलं, बाई नवऱ्याला चांगलं धारेवर धरून राहिली. फोन ठेवल्यावर मी विचारलं, तर ती हसत सुटली.

"अगं, आमच्यात ना म्हणजे माझं. ना पिल्ललु, माझी मुलं. ना इल्लु, माझं घर. ना पोलम, माझं शेत."

मला तो दिवस आठवतो, कारण मी त्या दिवशी दोन चुकीची तिकिटं काढली. पुढे अक्कानंच सांगितलं, की तिकडे कन्नड बोलणाऱ्यांत 'ना' म्हणजे 'मी', आणि तमिळमध्ये 'ना' म्हणजे जीभ. माझी लेक अमरावतीला शिकते आणि अभ्यास सोडून कोरियन मालिका पाहते. तिनं आणखी भर घातली. कोरियनमध्येही 'ना' म्हणजे मी, आणि तिथे 'ने' म्हटलं की होकार होतो. ग्रीक लोकांचंही तसंच, म्हणाली. 'ने' म्हणजे हो. आता बोला! म्हणजे ग्रीसमध्ये माझी खिडकी असती तर काय गोंधळ उडाला असता.

या भाषांचं आपसांत काही नातं नाही हे मला मान्य आहे. दक्षिणेतला 'माझं' आणि उत्तरेतला 'नको' ही वेगवेगळ्या घरची माणसं, नुसता चेहरा सारखा. मी काही पंडित नाही, तिकिटं काढणारी बाई आहे. पण अकोल्याच्या स्टेशनात दोन्हीकडच्या गाड्या थांबतात, आणि मला दोन्ही ऐकू येतात.

मराठीत तर आणखी एक 'ना' आहे, सगळ्यांत गोड. ये ना. बस ना. घे ना गं अजून एक पोळी. हा कुठून आला यावर लोकांचे वाद आहेत. माझा आपला अंदाज, की पूर्वी लोक 'येतोस की ना?' असं विचारत असतील, घाईत मधलं गळालं आणि शेपूट तेवढं राहिलं. नकाराचंच शेपूट, पण आर्जवाला लागलं. खरं-खोटं देव जाणे.

हे सगळं मी हौसेखातर जमवत होते. त्याचा कधी काही उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. मग बाबा गेले.

बाबांचा संत्र्याचा बगीचा आहे. काळी जमीन, मधोमध विहीर. माझी लेक बालवाडीत होती तेव्हा जुनी झाडं डिंक्या रोगानं एकामागोमाग एक वाळली, आणि बाबांनी विहिरीकडचा तुकडा नव्यानं लावायला काढला. मी रजा टाकून गेले होते. भर पावसात जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटावर बांधलेली संत्र्याची कलमं आली. बाबा खड्ड्यात कलम उभं धरायचे आणि म्हणायचे, "माती तू दाब. तुह्या हातचं झाड लागते." विहिरीलगतची अख्खी ओळ मी दाबली. गुडघ्यापर्यंत चिखल, नखांत काळी माती, आणि बाबा म्हणत होते की रिटायर झाली की येऊन बसशील इथं. ती ओळ सगळी लागली. भाऊसुद्धा तिला 'ताईची ओळ'च म्हणायचा. तो माझ्यापेक्षा लहान, मी कडेवर वागवलेला.

बाबांचं वर्षश्राद्ध झालं आणि भावाचा फोन आला. मी खिडकीवरच होते.

"ताई, हक्कसोडाचं करून टाकू ना या दिवाळीत. तू येतच हायस भाऊबीजले."

हक्कसोड म्हणजे बापाच्या जमिनीतला आपला वाटा बहिणीनं भावाच्या नावे सोडून देण्याचं पत्र. आमच्याकडे याबद्दल बहिणीला विचारत नाहीत, तारीख कळवतात. ती येते, साडीचोळी होते, पुरणाचं जेवण होतं, ती सही करते आणि माहेर शाबूत राहतं. जी करत नाही तिचं माहेर तुटलं, असं गाव म्हणतं. माझ्या आत्यानं सही केली होती. बाबा तिला दर वर्षी साडी घेत, मान देत, सगळं करत. पण बांधावरची चिंच पाडायची तरी आत्या आधी विचारायची, "पाडू का रे?" लहानपणी मला त्यात काही वाटत नसे. फोन कानाला असताना मला तीच आत्या आठवली.

आणि मी काय म्हटलं असेन? त्याच तासात मी अख्ख्या रांगेला खणखणीत नकार दिले होते. भावाला म्हटलं, "पाहू."

फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला. आमच्या घरच्या हिशेबानं मी होकार देऊन बसले होते. त्यात भावाची चूक नव्हती. त्यानं ऐकलं ते त्या घरातल्या कुणीही ऐकलं असतं. त्यानं वकील गाठला, कागद तयार केला, जीप सांगितली.

"मग फोन करून सांग ना नाही म्हणून," नवरा म्हणाला. त्याला काय जातं सांगायला! मी फोन हातात घ्यायची आणि ठेवायची. भावाचा आवाज आला की माझ्या मागे आमचं स्वयंपाकघर उभं राहायचं. शेवटी ठरवलं, तोंडावर सांगायचं. बगीच्यातला माझा तुकडा मी सोडणार नाही. मला तो विकायचा नव्हता, भांडायलाही नको होता. रिटायर झाल्यावर तिथं बसायचं होतं, माझ्या पायांनी आणि माझ्या नावानं.

भाऊबीजेला निघाले. मूर्तिजापूर, बडनेरा, मग अमरावतीच्या बसस्टँडवरून मोर्शीची गाडी. सगळ्या वाटेत मी तोंडातल्या तोंडात घोकत होते: भाऊ, मी सही करणार नाही. शेजारची बाई सरकून बसली. तिला वाटलं असेल, मंत्र म्हणते.

घरी गेले तर काय, नुसती माया! वहिनीनं पुरण घातलं होतं. मी भावाला ओवाळलं, त्यानं ताटात साडी ठेवली. हिरवी, जरीकाठाची. स्वतः अमरावतीला जाऊन निवडून आणली होती. पाया पडताना त्याचे डोळे भरून आले. "बाबा असते तं," म्हणाला. मलाही रडू आलं. आता अशा माणसाला कसं सांगायचं, तुम्हीच सांगा.

जेवायला बसलो. त्यानं माझ्या पोळीवर तूप वाढलं आणि म्हणाला, "उद्या सकायीच निघू. आईले पन न्यायचं हाय, तिची बी सही हाय."

मी घास खाली ठेवला. "भाऊ, मी सही ना..."

"थांब!" आई ओरडली. पंचाहत्तरी उलटलेली बाई, पण भिंत हलली. "घरात नाई म्हनू नोको!"

त्या एका वाक्यात तिनं स्वतः तो शब्द उच्चारला होता, पण तेवढी सूट फौजदाराला असते. भावानं सुटकेचा निःश्वास टाकला. मला वाटलं, झालं, संपलं, आता ही बाई मला पुन्हा धपाटा घालणार. आई उठली. माझा उष्टा हात तसाच धरला आणि मला मागच्या दारानं बाहेर काढलं. अंगण ओलांडलं, गोठा ओलांडला, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालत ती थेट विहिरीपाशी जाऊन थांबली.

"म्हन आता," ती म्हणाली. "वावरात वास्तू नसते."

मी उष्टा हात पदराला पुसला.

"मी पन इथीच म्हनतो," आई म्हणाली. आमच्याकडे बायकाही असंच बोलतात, म्हनतो, येतो, जातो. "तुही शाळा बंद कराची गोष्ट निंगाली, तवा इथी येऊन म्हनलं. तुह्या आत्याची सही घेतली, तवा बी म्हनलं. लय वेळा म्हनलं."

"मंग काय झालं?"

"काय होनार? इहीर काय करते बाप्पा? मले म्हनता आलं, बस."

मला तिची दया आली आणि रागही आला. शाळा माझी वाचली ती मास्तर घरी आले म्हणून, विहिरीमुळे नाही. आणि आत्याची तर सही झालीच. आईचे सगळे नकार त्या पाण्यात पडून होते आणि एकाही माणसानं ते ऐकले नव्हते. माझी ओळ समोर उभी होती, फळानं लगडलेली. मी तिथंच ठरवलं, की मी पाण्यात काही टाकणार नाही.

"आई, मी इहिरीले नाही सांगत. त्याले सांगतो."

"तुह्यी मर्जी," आई म्हणाली. "पन घराबाहीर सांगजो."

तिचा मान राखला. परत येऊन अंगणातही थांबले नाही, घराला वळसा घालून रस्त्यावर गेले आणि तिथून हाक मारली, "भाऊ, बाहेर ये!" तो हात पुसत आला. मी सांगितलं. खिडकीवरच्या आवाजात सांगितलं, दुसरा मला येत नाही.

त्याचा चेहरा पडला. "काहून? काय कमी हाय तुले? नवरा हाय, नौकरी हाय, रेल्वेचं कॉटर हाय."

"कमी काहीच नाही. म्हनून सोडून द्यायचं का?"

"लोक काय म्हनतीन? बहिनीनं वाटा मांगतला?"

"मांगतला नाही रे. माह्याच नावावर हाय तो. मी तुह्यं घेऊन नाही राहिली, माह्यं सोडून नाही राहिली, एवढंच."

"रागात हायस तू," तो म्हणाला. "सकायी थंड होशीन." आणि आत गेला.

हे ऐकून मात्र मी पेटले. म्हणजे वास्तूला ऐकू जाऊ नये म्हणून घरात बोलायचं नाही, आणि बाहेर बोललं तर ते रागातलं! बाईनं बोलायचं तरी कुठे? सकाळी जीप आली तेव्हा भावाला वाटलं मी थंड झाले. मी गुपचूप चढून बसले. नवी साडी खाटेवर ठेवली होती, अंगावर माझी रोजची सुती होती. जिथं विचारल्याशिवाय कामच पुढे सरकत नाही, अशा एकाच जागी मला जायचं होतं.

तालुक्याच्या नोंदणी कचेरीत भाऊबीजेनंतरची गर्दी होती. बाकावर बायका बसल्या होत्या, सगळ्या बहिणी. अंगावर नव्या साड्या, घडीच्या रेषा अजून मोडल्या नव्हत्या. कुणी हसत होत्या, कुणी ओटीतली केळी पोरांना सोलून देत होत्या. एक पोरगी तर एवढी लहान होती की मला माझी लेक आठवली.

आमचा नंबर आला. साहेबांनी आधी आईला विचारलं. मान वर न करता, रोजचंच वाक्य. "आजी, राजीखुशीनं सोडता ना हक्क?"

"हाव," आई म्हणाली. "माह्यं मी देतो. पोरगंच पाहाते मले." तिनं यंत्रावर अंगठा ठेवला, फोटो काढला.

"आणि ताई तुम्ही? राजीखुशीनं ना?"

"नाही," मी म्हटलं.

कळफलकावरची त्यांची बोटं थोडी पुढे गेली आणि थांबली. मान वर आली. "म्हणजे?"

"म्हणजे नाही. मी माझा हक्क सोडत नाही."

माझा आवाज. सगळी कचेरी वळली. बाकावरच्या बहिणी वळल्या. त्या लहान पोरीनं सोललेलं केळं हातातच धरून ठेवलं. भाऊ लाल झाला. तिकीट नाही म्हटल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो हे मी जन्मभर पाहत आले आहे, पण काच मध्ये असते तेव्हा ते सोपं जातं. इथं काच नव्हती. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि मी जागची हलले नाही.

"ताई, हे आधी घरी ठरवून यायचं ना," साहेब वैतागून म्हणाले.

"घरात नाही म्हनत नाईत," आई म्हणाली. "तिले ईचारलं ना तुमी? मंग, सांगतलं तिनं."

घरी येऊन मी पिशवी भरली. खाटेवरची हिरवी साडीही भरली. ती भाऊबीजेची होती, सहीची नव्हती, आणि भाऊबीज माझी होती. वहिनीनं पाहिलं आणि तोंड फिरवलं. दारात मी म्हटलं, "येतो." आई म्हणाली, "ये, बाई." भाऊ पायरीवर बसला होता. तो मोटारसायकलच्या चाकाकडे पाहत राहिला आणि 'ये' म्हणाला नाही. आमच्या घरात आजवर कुणी कुणाला 'ये' म्हटल्यावाचून धाडलं नव्हतं.

अमरावतीपर्यंत रडले. उगाच खोटं कशाला सांगू, हुंदके देऊन रडले. पण त्यातही मला पक्कं ठाऊक होतं, की सही केली असती तर मी गप्प बसून रडले असते, आणि ते मरेपर्यंत संपलं नसतं.

पुढे भावाचे फोन बंद. मी करायची, तो उचलायचा नाही. आईला केला की ती शेजारणीच्या म्हशीचं सांगायची. अक्का डबा खाताना म्हणायची, "येईल गं त्याचा फोन," आणि मी म्हणायची, नाही आला तरी चालेल, आणि डबा अर्धाच झाकून ठेवायची. एकदा तर वाटलं, द्यावी करून सही, मरो ते वावर. त्या दिवशी घरी जाऊन हिरवी साडी काढली, नेसले आणि आरशात पाहिलं. छान दिसत होती. घडी घालून परत ठेवली. सही करायची नाही, आणि फोन करणंही सोडायचं नाही, असं ठरवलं. दर रविवारी करत राहिले.

थंडी पडली. आई फोनवर म्हणाली, "झाडाइले तान देला हाय." आमच्याकडे आंबिया बहारासाठी, म्हणजे आंब्याच्या मोहोराच्या वेळी येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, हिवाळ्यात संत्र्याचं पाणी तोडतात. पानं सुकायला येतात, झाड मेलंय की काय असं वाटतं. मग नेमक्या वेळी पाणी सोडतात, त्याला ताण तोडणं म्हणतात, आणि झाड फुलांनी भरून जातं. वेळ चुकली तर बहार जातो, म्हणून पाणी कधी सोडायचं हे ज्याचं झाड तोच ठरवतो. बाबा असताना बाबा ठरवायचे, ते गेल्यावर भाऊ. मला त्यातलं कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि कुणी विचारावं असं माझ्याही कधी मनात आलं नव्हतं.

संक्रांत गेली. तिळगुळाचाही फोन आला नाही. त्यानंतर एका सकाळी मी खिडकीवर होते. समोर तिरुपतीला जाणारं मोठं कुटुंब, मी त्यांना नाही सांगण्याच्या बेतात, आणि फोन वाजला. भावाचं नाव. मी त्या लोकांना हातानं थांबवलं आणि उचलला.

आधी वारा ऐकू आला. तो विहिरीवर होता. मोटार सुरू होती.

"ताई."

"बोल."

"तान तोडून राहिलो आज. माह्या झाडाइले सोडलं पानी." तो थांबला. "तुह्या झाडाइले सोडू का?"

रांगेतला माणूस काचेवर टकटक करत होता. आत्या आठवली, बाबा आठवले, नखांतली माती आठवली.

"ताई? आईकून राहिली का? सोडू का?"

"सोड ना," मी म्हटलं.